सांतान मेस्त्रींचा टुवाल

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी चार वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतोय. वाटेत भेटलेली बाई, मागून आलेली हाक... वाचायचं, चहा संपवायचा, कामाला लागायचं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला आपल्या मशीनला काहीतरी ‘लागलंय’ असं वाटत असतं, आणि उघडून बघावं तर आत मुंग्यांनी संसार मांडलेला. म्हणून आज मी स्वतः इथे लिहायला बसलोय याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतोय.

माझं नाव इनास. दुकान मालवणात, बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर — एक खोली, एक काउंटर, एक पंखा. गिऱ्हाइकं म्हणजे तारकर्ली-देवबागचे होमस्टेवाले आणि पाण्याखालचे व्हिडिओ काढून देणारे स्कूबावाले. इथली खारी हवा लोखंड खाते तशीच सर्किटही खाते, त्यामुळे पोटापुरतं काम कायम असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच सुरू झालं. मी लोकांच्या जुन्या हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीचे ड्राइव्ह, बसवून देत होतो. मशीन पळायला लागतं, लोक खूश. आणि मग एकेक परत यायला लागले. हार्डडिस्क कशी, मरायच्या आधी कुरकुरते, टकटक करते, माणसाला सावध करते. एसएसडीचं तसं नाही. काल चालू, आज नाही. सॉफ्टवेअर लावून बघावं तर आदल्या दिवशीपर्यंत ‘हेल्थ: गुड’. त्यातलं सगळं गेलेलं... आणि आवाजसुद्धा नाही.

देवबागचा एक होमस्टेवाला काउंटरवर ड्राइव्ह आपटून म्हणाला, “मेल्या, माजी सगळी बुकिंगां गेली! मे महिनो तोंडार आसा. आता माका दुसरी देतलंस ती तरी टिकतली काय?”

बदली ड्राइव्ह द्यायचा तर तो त्याच खोक्यातला, त्याच लॉटचा. दुसऱ्या कंपनीचे मागवले, त्यातलेही काही तसेच निघाले. पंधरा वर्षांत कमावलेलं नाव एका हंगामात जायची वेळ आली.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. आमच्यात वडिलांना पाय म्हणतात. माझे पाय म्हणजे सांतान मेस्त्री, मालवण बंदरावर पन्नास वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. त्यांची एक रीत होती. लांच, म्हणजे ट्रॉलर, समुद्रात जायच्या आधी बंद इंजिनावर उजव्या हाताचा तळवा ठेवायचे. थोडा वेळ. मग बहुतेकदा “जा” म्हणायचे. पण कधीकधी काहीच न बोलता खांद्यावरच्या टुवालाला हात पुसायचे, मनगटापासून बोटांपर्यंत, सावकाश. त्यांनी हात पुसला की खलाशी मुकाट्याने जाळी परत उतरवायचे. मी लहानपणापासून हे बघितलं होतं आणि त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं. अनुभवी मेस्त्री आहे, वास येत असेल, तेल कुठे गळतंय ते दिसत असेल.

त्या उन्हाळ्यात पाय दुपारचे दुकानात येऊन पंख्याखाली बसायचे. एकदा नवीन आलेले ड्राइव्ह मी काउंटरवर मांडत होतो. त्यांनी सहज एकावर हात ठेवला, उचलला. दुसऱ्यावर ठेवला, उचलला. तिसऱ्यावर ठेवला आणि टुवालाला हात पुसला.

“ह्यो परत धाड,” म्हणाले.

“पाय, ता काय इंजिन नाय. आत काय फिरणा नाय, हलणा नाय.”

“मगे कित्याक विचारतंस?” ते म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.

मी तो ड्राइव्ह हट्टाने माझ्याच मशीनला लावला. नऊ दिवसांत गेला.

माझी खोड अशी की मला असलं काही आवडत नाही. मी आठ सीलबंद खोकी घेतली, खाली पेन्सिलीने आकडे टाकले, उलटसुलट केली आणि पायना सांगितलं, बघा. तीन खोक्यांना त्यांनी हात पुसला. आकडे मी वहीत लिहिले, त्यांना दाखवले नाहीत. आठही ड्राइव्ह माझ्या टेबलावर लावून रोज डेटा भरत आणि पुसत राहिलो. चतुर्थीपर्यंत ते तीन मेले. बाकीचे पाच आजही चालू आहेत. सीलबंद खोकं, आत वीज नाही, उष्णता नाही. कारण शोधायला मी ते आठही सोनाराच्या काट्यावर नेऊन वजन करून आणले होते! काही फरक नव्हता. सोनार अजून मला हसतो.

मग मी लाज सोडली. नवीन माल आला की पाय निवडायचे आणि हात पुसलेले ड्राइव्ह मी फोंडाघाटमार्गे कोल्हापूरच्या डीलरला परत पाठवायचो. तो फोनवर वैतागायचा, “अहो, टेस्ट ओके दाखवतंय, परतीचं कारण काय लिहू?” काहीही लिही म्हणायचो. माझ्या दुकानातले ड्राइव्ह मरायचे थांबले. बदली घ्यावी तर इनासकडची, असं होमस्टेवाले एकमेकांना सांगायला लागले.

माझ्या बायकोला, फिलूला, याची फार मजा वाटायची. जेवताना एकदा म्हणाली, “पाय, एकदा ह्या इनासार हात ठेवून बगा. वॉरंटी आसा काय संपली?”

“ह्येची तू पदरात घेतलंस तेवाच संपली गो,” पाय म्हणाले. आमची मुलगी रिया एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या जेवणाची मला आता वारंवार आठवण येते.

पुढच्या जानेवारीत फिलूच्या भाचीचं लग्न होतं, म्हापशाजवळ. फिलू चार दिवस आधी जाणार होती, मी आणि रिया मागाहून. सकाळचे नऊ वाजले असतील. लख्ख ऊन. घरापुढच्या खळ्यात, खुरसाजवळ म्हणजे आमच्या क्रुसाजवळ बॅग ठेवून ती पायसमोर वाकली. आमच्यात लांब निघताना थोरांकडे बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद. थोर माणूस डोक्यावर हात ठेवतो.

“बेसांव दिया, पाय.”

पायनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “देव बरें करूं,” म्हणाले. फिलू चपला घालायला वळली.

आणि पायनी टुवालाला हात पुसला. मनगटापासून बोटांपर्यंत, सावकाश.

मी बघितलं. खोबरेल असणार, मी स्वतःशी म्हटलं. नुकतंच तिने केसांना लावलं होतं, वास येत होता. हे मी मनात दोनदा म्हटलं. दोनदा का म्हणावं लागलं, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पाय तिला म्हणाले, “जरा बस गो बाये. कॉफी घे.”

“बस चुकतली, पाय!” तरी त्यांचं मन राखायला तिने उभ्याउभ्या अर्धा कप घेतला. उरलेली अर्धी कॉफी मी तिला स्टँडवर सोडून परत आलो तरी पायरीवर तशीच होती. पाय त्या कपाजवळ बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लग्नघरात बायका नारळ खवत होत्या, फिलू काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होती. मग म्हणाली, डोकं दुखतंय. भिंतीला टेकून बसली. इस्पितळात नेईपर्यंत गेली होती. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले, हे आधी कळायला काही मार्ग नसतो. दोनच महिन्यांपूर्वी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. सगळं नॉर्मल. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

महिन्याने तिच्यासाठी मीस झालं, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. चर्चमधून घरी आलो आणि पायना पायरीवरच गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

“तुका कळला होता! तू हात पुसलंस, मी बगलंय! सांगलंस कित्याक नाय?”

त्यांनी खांद्यावरचा टुवाल काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “माका काय कळणा नाय रे. हात आपसूक जाता. पुसून झाल्यार माका दिसता.”

“तरी सांगूचा होता!”

“डिस्काची बदली गावता, इनास. इंजिनाची गावता.” त्यांचा आवाज फुटला. “माणसाची बदली मी खंयसून हाडतलंय? सांगलंय असतंय तर तिच्या तीन दिवसांचा हसूय गेला असता.”

मी त्यांना माफ केलं की नाही, मला खरंच ठाऊक नाही. कारण पाहणारा मीही होतो. दोन डोळे मलाही होते, आणि तोंडही. मी तिला स्कूटरवर बसवून स्टँडवर सोडलं, बसच्या खिडकीकडे हात केला आणि घरी येऊन रोजच्यासारखा दुकान उघडायला गेलो.

त्यानंतर पाय दुकानात आले नाहीत. बंदरावरून कोणी बोलवायला आलं तर हात टुवालात गुंडाळून बसायचे आणि म्हणायचे, “हात गेलो माजो.” रिया रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की बेसांव मागायची. ते शब्द म्हणायचे, पण हात तिच्या डोक्यापासून चार बोटं वर धरायचे. टेकवायचे नाहीत. पोरीच्या लक्षात आलं होतं.

ड्राइव्ह आता मी इतर लोकांसारखेच निवडतो. ओळखीचा डीलर, लेखी वॉरंटी, दोन कॉप्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या. काही मरतात. गिऱ्हाइकांना सांगतो, कशावरही भरवसा ठेवू नका, दोन ठिकाणी ठेवा. फिलूचे व्हॉइस मेसेज मी तीन ठिकाणी ठेवलेत — “येताना पाव हाड”, “फोन उचल रे”, असलेच सगळे. त्यातला एक ड्राइव्ह पायनी निवडलेला आहे. दर रविवारी तिन्ही लावून बघतो, उघडतात ना. ऐकत नाही. उघडतात तेवढं बघतो.

गेल्या पावसाळ्यात पाय अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पण काळजीचं काही नाही, दिवाळीपर्यंत हिंडायला लागतील. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा उजवा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

“बग, कळता काय?”

हाडं लागली. ठोके लागले, संथ, बरे. “बरो आसस तू,” मी म्हणालो, आणि खोटं बोलत नव्हतो. मला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. ते माझ्याकडे बघून थोडं हसले आणि डोळे मिटून पडले. मी बाहेर खळ्यात आलो. रिया कपडे वाळत घालत होती.

“डॅडा,” ती म्हणाली, “हात कित्याक पुसतंस?”

मी खाली बघितलं. माझा उजवा हात पँटवर होता.

चौथ्या दिवशी पाय गेले.

तर... यावर तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण तुमच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. योगायोग. म्हातारा जाणारच होता. पावसात हात दमट होतात. घामाचं म्हणा, खोबरेलाचं म्हणा, मी सगळं म्हणून बघितलंय. पण त्या तीन सीलबंद खोक्यांना काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात रिया शिकायला पुण्याला गेली. कुडाळ स्टेशनवर गाडी यायच्या आधी ती माझ्यासमोर वाकली. घरात आता मीच थोर.

“बेसांव दी, डॅडा.”

पाय चार बोटं वर धरायचे तसा मला धरता आला असता. पण तिची आई नाही, आजोबा नाही, एवढ्या लांब चाललेल्या पोरीला तेवढंही द्यायचं नाही? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्ण ठेवला. देव बरें करूं म्हणालो. आणि लगेच मूठ मिटली. गाडी सुटली तेव्हा डाव्या हाताने टाटा केला.

मालवणपर्यंत रिक्षात मूठ तशीच होती. घरी येऊन खळ्यात बसल्यावर उघडली. तळवा ओला झाला होता. खुंटीवर पायचा टुवाल होता, अंगावर पँट होती. मी हात गुडघ्यावर उताणा ठेवून उन्हात बसून राहिलो, तो आपोआप वाळेपर्यंत.