अभ्रकाखालची पांढरी पेस्ट

आमच्या ह्यांना हृदयाचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने अंथरूण सोडायचं नाही. मग रेडिओदुरुस्तीच्या दुकानात टेबलामागं मी बसले. मी म्हणजे फिजिक्सची बी. एस्सी.! सासर-माहेर दोन्हीकडं ऐकवून झालेलं. काचेचे वॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आलेले ते दिवस.

पहिलंच मोठं काम शाहूवाडीकडच्या एका मंडपवाल्याचं. गावात सप्ताह आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद. जळालेले ट्रान्झिस्टर मी बरोबर हुडकले. पण काढून बघते तर खालच्या अभ्रकाच्या चकत्यांना आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला पांढरा चिकट राडा. शी! पुरुषांचं काम असंच. चकत्या रॉकेलनं पुसल्या, पट्टी राखेनं घासून तांब्यासारखी लखलखीत केली, नवे ट्रान्झिस्टर लावून स्क्रू करकचून आवळले. घरी येऊन शहाणीनं सांगितलंही, "झालं काम. तुम्ही निजा खुशाल."

ते खरंच निजले. कितीतरी दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी मंडपवाला अ‍ॅम्प्लिफायरची पेटी घेऊन थेट घरात. "वहिनी, कीर्तन ऐन रंगात आन् बुवांचं नुसतं तोंड हलाय लागलं! आमास्नी वाटलं घसा बसला. काढा पाजला की त्यांस्नी! मग जळका वास आला."

ह्यांनी पडल्यापडल्या पेटी उघडायला लावली. चकतीवर बोट फिरवलं. कोरडं.

"पेस्ट कुठाय?"

"घाण होती ती. पुसली."

"अगं, पत्रा कितीही घासला तरी चार ठिकाणीच टेकतो. मधल्या खाचांत हवा राहते, ती उष्णता अडवते. त्या खाचा भरायला पेस्ट. आतल्या सिलिकॉनची उष्णता धातू, अभ्रक, अ‍ॅल्युमिनियम अशी बाहेर पडते... एक सांधा कोरडा राहिला की आतला भाजून मरतो."

उष्णतेच्या वहनाचा हा धडा मला पाठ होता. पैकीच्या पैकी मार्क!

मंडपवाल्याला मात्र ते म्हणाले, "माझीच चूक, पावणं. घाईत सांगायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सदरा चढवला. मी म्हटलं, "मी करते की. आता कळलंय."

"राहू दे."

ओरडले असते तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला हार गेले नव्हते. पण ते नुसतेच जिना उतरले, मधे दोनदा थांबून.

दिवाळीपर्यंत ते रोज तसेच दुकानात गेले. मग परत अंथरुणाला खिळले, ते काही उठले नाहीत.