फक्कीचा गोल आणि टिटवीची चार अंडी

श्रावणात जोडून सुट्टी आली की सगळं पुणं कोकणाकडे धावतं, म्हणून आम्ही सोलापूर धरलं. सोसायटीत तिघांनी काळजीने विचारलं, की तिथे बघायला काय आहे? चादरी आणायला जातोय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. खरं कारण होतं पावसाळ्यातलं माळरान, काळवीट आणि माझी नवी दुर्बीण. माझी बायको मंजिरी गाडी चालवते आणि मी शेजारी बसून पक्ष्यांविषयी अधिकारवाणीने बोलतो, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे.

सहाला निघालात तर वाटेत नाश्ता करूनही साडेदहापर्यंत मोहोळ येतं. महामार्ग उत्तम आहे आणि त्याचं निसर्गप्रेम जागोजागी दिसतं. दुभाजकात कण्हेर फुललेली होती. भुरभुर पावसात एक टँकर तिला मनापासून पाणी घालत होता. पाऊस पडो न पडो, फेरी ठरलेली. मोहोळला आम्ही टाकी भरून घेतली आणि आतल्या, नुकत्याच रुंद केलेल्या रस्त्याला लागलो.

इथले जुने कडुलिंब रुंदीकरणात गेले. त्यांच्या बदल्यात लोखंडी पिंजरे लावले आहेत आणि ते फार छान जगले आहेत. काहींच्या आत रोपंही आहेत. ‘वन्यप्राणी मार्ग’ अशी पाटी आहे, तिच्यावर अंगभर ठिपके असलेलं हरीण. या भागात ठिपक्यांचं हरीण नाही, काळवीट आहे, पण ते पाटी वाचत नसल्याने तक्रार आलेली नसावी. रस्त्याखाली जनावरांना पलीकडे जाता यावं म्हणून मोरी ठेवली आहे. तिच्या तोंडाशी वेड्या बाभळीचं रान माजलंय, त्यामुळे जनावरं डांबरावरूनच जातात.

एका लिंबाखाली (हा वाचला कसा कोण जाणे) आम्ही डबा उघडला, तर डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. कडेचं गवत विळ्याने कापणाऱ्या एक बाई हसत जवळ आल्या. छबूबाई. ठेकेदाराकडे रोजावर, गाव तिथलंच. त्यांनी चार पावलांवर बोट दाखवलं. बाजूपट्टीच्या खडीत, खडीच्याच रंगाची चार अंडी होती आणि शेजारी बाभळीची एक काटेरी फांदी रोवलेली.

“पायाखाली बघा की. तिचं घर हाय हितं.”

मी फांदीचं विचारलं. टिटवीची अंडी दिसली की त्यांच्या वडिलांच्या शेतात नांगर वळवून नेत. इथे रस्त्यावर गवत कापायचा ट्रॅक्टर फिरतो, म्हणून फांदी. ड्रायव्हरला ती खूण ठाऊक आहे, फांदी दिसली की तो वळसा घालतो. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतील, निघाली की लगेच चालायला लागतात, मग काळजी नाही. एवढं सांगून त्या गवत कापत पुढे निघून गेल्या.

इथे मी सुधारणा केली. एक तर फांदी फोटोत मध्ये येत होती, ती उपटून बाजूला टाकली. शिवाय एवढीशी फांदी ट्रॅक्टरवाल्याला दिसणार कशी? कडेला पांढऱ्या फक्कीची गोणी उघडीच पडली होती. मूठ-मूठ फक्की घेऊन अंड्यांभोवती मी ठसठशीत गोल काढला. मंजिरी म्हणाली, “त्यांना विचारलंस का?” मी म्हणालो, संवर्धनात पुढाकार घ्यावा लागतो. अंडी, गोल आणि ओणवा मी असा फोटो टाकला आणि सोलापुरात पोचेपर्यंत तीनशे जणांनी माझं कौतुक केलं.

दुसरा दिवस माळावर. पहाटे साडेपाचला पोचा, पाणी आणि टोपी जवळ ठेवा. काळवीट मनसोक्त दिसले, एक खोकडही आडवं गेलं. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि झणझणीत आमटी, दीडशे रुपयांत पोट फुटेपर्यंत. लॉज साधं पण स्वच्छ होतं.

तिसऱ्या दिवशी परतताना मीच गाडी थांबवायला लावली. टिटवी ओरडत नव्हती, तिथेच मला कळायला हवं होतं. माझ्या गोलाच्या बरोब्बर मधोमध गुलमोहराचं रोप उभं होतं. आळं केलेलं, पाणी घातलेलं, पिंजरा लावलेला. पूर्ण रस्त्यावर इतकं नीट लावलेलं झाड मी पाहिलं नव्हतं.

छबूबाई पलीकडेच होत्या. त्यांनीच सांगितलं. फक्कीचा गोल म्हणजे इथे खड्डा घ्यायचा, हे कामावर सगळ्यांना माहीत असतं. आदल्या दिवशी खड्ड्याचं यंत्र आलं, गोल दिसला, काम झालं. चालवणाऱ्याची चूक नव्हती. छबूबाई तेव्हा लांब कामाला होत्या, पोचेपर्यंत उशीर झाला होता. फांदी कुणी काढली, असं त्या मुकादमाला विचारत राहिल्या.

मी म्हणालो, “मी काढली. गोलही मीच काढला.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विळा कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “दिसावं म्हणून केलंत व्हय. आवं, न्हाय दिसत म्हणून तर जगतंय ते.”

आणखी कुठे घरटं आहे का, असं मी खुळ्यासारखं विचारलं. या वेळी फांदीही रोवीन, म्हणालो.

“हाय की एक,” त्या म्हणाल्या. “पन कुटं ते तुमास्नी न्हाय सांगायची.”

पुण्यापर्यंत मंजिरीने मला एका शब्दानेही टोचलं नाही, हे तिचे उपकार. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी इतरांना ऐकवत आलोय. या वेळी रिकामं दुसऱ्याचं घर झालं. लाज वाटते, आणि ती अजून गेलेली नाही. चादरी मात्र सोसायटीत सर्वांना आवडल्या.

तो फोटो मी काढून टाकलाय. तरी रोज कुणीतरी विचारतं, की टिटवीचं घरटं बघायला जायचंय, नेमकं ठिकाण कळवा. नेमकं ठिकाण मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि बरोबर केलं.