जाईबाईची बिनपायडलची सायकल

सायकल ही बसायची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या वाडीत येऊन जाईबाईला विचारावं. तिनं त्या सायकलवर कधी टांग टाकली नाही, आणि तिच्याइतकी सायकल वाडीत दुसऱ्या कुणी वापरलीही नाही.

सायकल आणली तिच्या नवऱ्यानं, गंगारामनं. तो मुंबईला गोदीत कामाला. त्र्याऐंशीच्या शिमग्याला एस.टी.च्या टपावरून ती काळी दणकट सायकल उतरली, तेव्हा त्याचा रुबाब काय विचारता! वरच्या कातळी माळावर, सड्यावर, चार दिवस घंटी वाजवत फिरला, रजा संपली, गेला. सायकल पडवीत टेकून राहिली. इकडे चढ, तिकडे घाटी, अशा गावात सायकल म्हणजे टकल्याच्या हाती कंगवा, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

जाईबाईला मात्र त्या सायकलीत बैल दिसला. गिरण होती मालगुंडात. डोक्यावर धान्याची पाटी घेऊन चढ चढायचा, सडा तुडवायचा, घाटी उतरायची आणि पीठ घेऊन तोच रस्ता परत. आम्हा बायकांच्या माना त्यातच आखूड झाल्या. एका सकाळी तिनं सायकलच्या नळीवर एक पोतं आडवं घातलं, कॅरियरवर दुसरं बांधलं, हँडलला बांबूचा दांडा आवळला आणि निघाली ढकलत. माझं तोंड मुळात तिखट. म्हटलं, "काय गो जाये, पोत्यांना फिरवायला नेतंस व्हय?"

अडचण एकच होती. ढकलताना पायडल सारखं नडगीवर आपटे. पाय सोलवटून निघाले तेव्हा ती मालगुंडातल्या केरू सायकलवाल्याकडे गेली आणि पायडलं काढून टाक म्हणाली. केरू तिच्याकडे बघतच राहिला.

"अगो, मग ती सायकल कसली ऱ्हायली?"

"मना कुटं बसायचं हाय तिच्यावर? ब्रेक तेवढं घट्ट कर. घाटी उतरायची हाय."

अशी तिची अक्कल! बांगडी पिचली तर पिचू दे, पण ब्रेकचं रबर झिजलेलं तिला खपत नसे.

बघता बघता वाडीचं सगळं दळण तिच्या सायकलवर जाऊ लागलं. घरोघरचे पुरुष मुंबईत, म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले. कुणाला नको होतं? त्याच्या बदल्यात प्रत्येक घरातली एक बाई भाताच्या लावणीला तिच्या शेतात राबली. नवरा मुंबईत, दीर नाही, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि तरी त्या साली वाडीत पहिली लावणी उरकली ती जाईबाईची. सायकल गेली असती तर ते हातही गेले असते.

आणि गणपतीला गंगाराम आला. एस.टी.तून उतरल्या उतरल्याच कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुझी सायकल लंगडी झाली म्हणून. पडवीत येताच तो कडाडला.

"पायडलं कुटं गेली गो? माज्या सायकलची हमालीण केलीस तू! पायडलं लावून मी ती मुंबैला घेऊन जातंय."

जाईबाई इतकंच म्हणाली, "न्या. पन मोदकाचं तांदूळ दळून आनायचं हाय समद्यांचं. तेवढं आना नि मग न्या." मला तर असा संताप आला, की मीच चार शब्द सुनावणार होते. तिनं डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी गंगाराम पोती लादून मालगुंडात उतरला. दळण होईस्तोवर केरूकडून पायडलंही बसवून घेतली. दुपार कलली तरी त्याचा पत्ता नाही. जाईबाई निघाली, तिच्यामागून मी.

घाटीच्या मध्यावर स्वारी उभी होती. दोन्ही ब्रेक आवळून धरलेले, ना पुढे जाता येत ना मागे. अंगभर पीठ, नडग्या रक्ताळलेल्या. गोदीत पोती उचलणारा गडी, पण कलंडणारी सायकल चढावर सांभाळायची म्हणजे निराळं काम. माझ्या जिभेवर शब्द तयार होते. त्याचा चेहरा पाहिला आणि मी ते गिळले.

"हे एवडं तू एकटी वडतंस?" त्यानं विचारलं.

"सवय झाली."

"मुंबैत मी सगल्यांना सांगतंय, बायको घरात सुखात हाय म्हनून." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. बायकोसमोर रडणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

जाईबाईनं बांबूचा दांडा हातात घेतला. गंगाराम मागं सरकून कॅरियरला लागला. "जोर मी लावतंय," ती म्हणाली, "तुमी नुसता तोल धरा."

आमच्याकडे नवरा रिकाम्या हातानं पुढे आणि बायको ओझं घेऊन मागे, अशी चालायची रीत. त्या दिवशी भर वाडीतून बायको पुढे आणि गंगाराम तिच्यामागे, वाकून. पडव्यांतून माणसं बाहेर आली, कुणी शीळ घातली. वाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गोदाआत्यानं तर खवचटपणे विचारलंच, "काय रे, कदी नेतंस तुजी सायकल मुंबैला?"

"माजी नाय ती, आत्ये," गंगाराम म्हणाला. "तिची हाय."

घराकडचा शेवटचा चढ तेवढा राहिला होता. चढावर मध्येच थांबलं की भार मागे खेचतो, म्हणून जाईबाई तिथं कधी थांबत नसे. त्या दिवशी मात्र, त्याचं ते बोलणं ऐकून, थांबली.