धाकटीचा अंगठा

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर बँकेत येतात. वडिलांना घेऊन मीही रांगेत होतो. पुढे चौलच्या दोन बाया होत्या. थोरली धाकटीच्या अंगठ्याला खोबरेल चोळत होती. सुपारी सोलून ठसे झिजतात आणि मशीनवर ठसा उमटला नाही तर पेन्शन अडते, म्हणून महिनाभर धाकटीच्या वाट्याची सुपारीही थोरलीच सोलत होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं.

“बहिणी का?” मी विचारलं.

“सवती,” थोरली म्हणाली. “तीस वर्सं मी नांदले, मग नवऱ्यानं काडीमोड दिला. ही आली नि दोन वर्सांत तो गेला. पेन्शन हिला.”

“हळू बोल गो अक्का, सगळी बँक ऐकते!”

“ऐकू दे.”

“मग तुम्हाला काहीच नाही?” विचारून मीच ओशाळलो.

“न्हाय. पन हिनं मला परत घरात घेतली, हाय ते दोघी खातो. माझी तीस वर्सं मशिनीला दिसत न्हाईत. हिचा अंगठा दिसतो, तो जपते.”

धाकटीनं अंगठा पुसून मशीनवर टेकवला. पहिल्यांदा उमटला नाही. दुसऱ्यांदा हिरवा दिवा लागला, आणि थोरली तिथंच फरशीवर मटकन बसली.