पोटगी दोनदा आली तेव्हा

लोहाऱ्याच्या शाळेत मी खिचडी शिजवते. माहेर लांब, अकोल्याकडं. इथं माझं म्हणावं अशी एक मुलगी. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा कोर्टानं तिची पोटगी बांधून दिली, महिन्याला तीन हजार. खात्यावर जमा झाले की फोनवर मेसेज येतो.

दिवाळीनंतर मेसेज दोन-दोन यायला लागले. पहिल्यांदा वाटलं, चूक असेल. दुसऱ्या महिन्यात मनाची समजूत घातली, बापाला लेकीची आठवण झाली असेल. विचारलं मात्र नाही. विचारलं तर बंद होतील, ही धास्ती. तिसऱ्या महिन्यात मुलीला सायकल घेतली.

चौथ्या महिन्यात सास्तूरहून सासरे आले. त्या माणसानं मला कधी तोडलं नाही. खोली घेतली तेव्हा पहिलं भाडं त्यांनीच भरलेलं. ज्वारीची पिशवी दारात ठेवून त्यांनी पासबुक काढलं.

"पोराचा पगार एकदा लांबला म्हणून म्या माझ्या खात्यातून पाठवाय सांगितलं. त्या बँकेच्या सेवा केंद्रवाल्यानं दर महिन्याचंच करून ठेवलं. काल बँकेत कळलं. तुला मेसेज आले न्हाईत का गं?"

"आले असतील, मामा. मला कुठं नीट वाचता येतं? सातवीतच शाळा सुटली."

मुलगी दारात सायकल पुसत होती. तिचा हात थांबला.

"व्हय," ते म्हणाले. "आपण दोघंबी अडाणी. जमंल तसं वळतं कर." चहा पिऊन, नातीच्या डोक्यावर हात ठेवून निघाले.

मुलीनं सायकल भिंतीला टेकवली आणि फडकं तिच्यावर टाकून आत गेली. तेच मला सोसेना. तशीच स्टँडवर गेले. जीप अजून भरायची होती, ते पुढं बसलेले.

"मामा, मला वाचता येतं. पहिल्यापासून कळत होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "घरच्या किराण्याची यादी इतकी वर्षं कोण लिहीत हुतं? तूच की."

मला मान वर करता येईना. "पुढची पोटगी येईल, त्यातून फेडते."

"पोरीच्या पैशाला हात लावू नगंस. तुझ्या पगारातनं दे. पाचशे दिलेस तरी लई झालं."

तसे देते. दर महिन्याला पाठवले की मेसेजही माझ्या हातानं लिहिते. त्यांना तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो.