थ्री-एची संकष्टी

"ओ मिस, ह्या काय?"

थ्री-ए सीटवरच्या बाईंनी ट्रॉलीवरच्या चांदीच्या वाटीकडे बोट दाखवलं. बर्फात रुतवलेली वाटी आणि तिच्यात काळे बारीक दाणे. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं तसं मी किंचित वाकून म्हणाले, "कॅव्हिआर, मॅडम."

"म्हंजे?"

"माशाची अंडी."

"गाबोळी!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्या गोऱ्या साहेबाने वर्तमानपत्र खाली केलं. "संकष्टीच्या दिवशी माका गाबोळी दाखवतंस? ती पण कच्ची?"

मी ट्रॉली पुढे ढकलली. कान गरम झाले होते. कारण थ्री-एवरच्या ह्या मॅडम माझ्या सख्ख्या सासूबाई होत्या, आणि पडद्याशी उभ्या राहून मिसेस डिमेलो माझी परीक्षा घेत होत्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका एअरलाइनमध्ये एअर होस्टेस होते. मुंबई-लंडन, जम्बो जेट. कित्येक वर्षं इकॉनॉमीत ट्रे वाटल्यावर मला फर्स्ट क्लासला घ्यायचं चाललं होतं, पण त्याआधी चेक पास व्हावा लागतो. चेक म्हणजे चालू विमानातली परीक्षा. एक सीनियर बाई सबंध प्रवासभर तुमच्या मागे उभी राहते आणि तुम्ही ग्लास कुठल्या बाजूने ठेवता इथपासून हसता कसं इथपर्यंत सगळं बघते. मी दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा रेड वाइन फ्रिजमधून काढून गारेगार दिली म्हणून. दुसऱ्यांदा एका पॅसेंजरने तीन वेळा "नको" म्हटल्यावर मी त्याला खरंच काही दिलं नाही म्हणून.

"फर्स्ट क्लासमध्ये पॅसेंजरसमोरचं टेबल रिकामं राहिलं, तर ती तुझी हार," मिसेस डिमेलोंनी तेव्हा सुनावलं होतं. त्या फक्त इंग्रजी बोलायच्या, तेही असं की आपलं इंग्रजी आपल्यालाच मराठी वाटावं. कोणी म्हणायचं त्या लंडनला शिकल्या, कोणी म्हणायचं नवरा साहेब आहे. ह्या वेळी तिसरा आणि शेवटचा चान्स होता. पुन्हा नापास झाले असते तर इकॉनॉमीच्या ट्रॉलीला कायमची जुंपले गेले असते.

सासूबाईंचं लंडनला जाणं वेगळ्याच कारणाने ठरलं होतं. माझ्या नणंदेचं बाळंतपण. स्टाफच्या घरच्यांना स्वस्तात तिकीट मिळायचं, पण सीट उरली तर. त्या संध्याकाळी सहार विमानतळावर कळलं, इकॉनॉमी फुल्ल. काउंटरवरचा ट्रॅफिकचा, म्हणजे सीटा वाटणारा, माणूस ओळखीचा.

"नीता, मागे जागाच नाय. आईंना फर्स्टमध्ये टाकतो. पण माहितीये ना? कोणाला कळता कामा नये हां."

स्टाफचं माणूस फर्स्ट क्लासमध्ये बसलं तर त्याने ते बोलायचं नाही, असा नियम. हजारो रुपये मोजून बसलेल्या शेजाऱ्याला राग येतो म्हणून. मी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"आई, तिथे मला नीता म्हणू नका. मी तुमची सून आहे हे सांगू नका."

"मगे काय म्हणू?"

"मिस म्हणा."

"लग्न झालेल्या बायकोमाणसाक मिस?" त्या जरा थबकल्या. मग त्यांना ते आवडलं असावं, कारण विमानात शिरल्यापासून त्यांनी माझ्या नावाने मिस-मिस लावलं. मिस, पाणी. मिस, ही खुर्ची आडवी कशी होता? मिस, पायात घालूक काय देतंस? त्या रुंद खुर्चीवर चपला काढून, मांडी घालून, पदर खोचून त्या बसल्या, जशा मुलुंडला आमच्या झोपाळ्यावर बसायच्या.

आमचं घरी भांडण नव्हतं, पण त्यांना माझी नोकरी कधी पटली नव्हती. त्यांचा नवरा गिरणीत, मुलगा बँकेत. सून काय करते विचारलं की त्या "विमानात असते" एवढंच म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. परक्या माणसांना जेवण वाढायचं, तेही लिपस्टिक लावून, ह्याला नोकरी म्हणतात हे त्यांना मान्य नव्हतं.

त्यांच्या शेजारी थ्री-बीवर घाटकोपरचे एक हिऱ्यांचे व्यापारी होते, मेहता शेठ. बोलघेवडे गृहस्थ. मी त्यांना सूप देत होते तेव्हा ते म्हणाले, "मिस, ये मांजी बोलती है इनकी बहू भी एअर होस्टेस है. आप पैचानते हो?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, "कैसे पैचानेगी? इतनी सारी पोरी असते. हमारी वाली घर में एक कप नहीं उचलती."

"अच्छा?" शेठ म्हणाले.

"हां. आती है और सो जाती है."

मी सूप ठेवलं आणि हसले. हसायचे मार्क असतात.

खरी अडचण सूप संपल्यावर सुरू झाली. सासूबाईंची संकष्टी कडक. दिवसभर काळा चहा आणि दोन केळी, बस्स. रात्री चंद्र बघायचा, नैवेद्य दाखवायचा, मगच जेवायचं. त्यासाठी मोदकांचा डबा पिशवीत बरोबर होता. जेवणानंतर ब्लड प्रेशरची गोळी. नवऱ्याने मला दारात दोनदा बजावलं होतं, "आईची गोळी चुकवू नकोस हां."

घरच्या कॅलेंडरात त्या बघून आल्या होत्या ती चंद्रोदयाची वेळ झाली. सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, ते अर्थात मुंबईच्या वेळेवर होतं. गरम हात-टॉवेलने खिडकी लख्ख पुसली आणि बाहेर बघितलं. बाहेर चंद्र तर नव्हताच, उलट सूर्य मावळल्याचा तांबडेपणा अजून तसाच होता.

मी भाजलेल्या मटणाची ट्रॉली घेऊन आले. ते पॅसेंजरसमोरच कापून वाढायचं असतं. वाकून हळूच मराठीत म्हटलं, "आई, काहीतरी घ्या हो. नुसतं फळ घ्या. ती खडूस बाई तिकडून बघतेय."

"चंद्र खय आसा?"

"येईल."

"कॅलेंडर चुकत नाय. तुझा विमान चुकला."

पडद्याजवळ मिसेस डिमेलोंनी भुवई उचलली. "थ्री-ए का जेवत नाहीत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"त्या नंतर घेतील, मॅडम."

"नंतर म्हणजे? मेन कोर्स संपत आला."

मी चीजची ट्रॉली गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, सोडली आणि सरळ कॉकपिटमध्ये गेले. तेव्हा दार ठोठावून जाता यायचं.

"सर, एक विचारू? चंद्र कधी उगवेल?"

कॅप्टनने वळून बघितलं. "कुणाला हवाय?"

"थ्री-एला."

"फर्स्ट क्लासमध्ये आता चंद्रपण मागतात?" तो फ्लाइट इंजिनीअरकडे बघून म्हणाला. मग माझा चेहरा बघून नीट समजावलं. चंद्र उगवणार पूर्वेला. आपण चाललोय पश्चिमेला, म्हणजे त्याच्यापासून पळतोय. मुंबईत तो कधीच वर आला असेल, पण आपल्याला गाठायला त्याला उशीर लागणार. "आणि गाठेल तो मागून. विमानाच्या नाकात, फर्स्ट क्लासमध्ये, बसलेल्यांना दिसणारच नाही. पार शेपटीकडे, उजव्या दाराच्या खिडकीतून बघ. युरोपच्या अलीकडे दिसायला हरकत नाही."

परत येऊन मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, मुंबईत चंद्र उगवलाय. घरी सगळे जेवले असतील. तुम्ही पण सोडा उपास."

"मी मुंबईत आसय?"

"नाही."

"मगे? माणूस खय, तेचो चंद्र थयसर."

हे मॅन्युअलमध्ये नव्हतं.

आइस्क्रीम झालं, कॉफी झाली. सगळ्यांची टेबलं भरली आणि आवरली, थ्री-एचं कोरं. सासूबाईंनी डोळे मिटून कपाळाला हात लावला होता. बोलणं बंद झालं होतं, आणि त्या गप्प झाल्या की आमच्या घरात डॉक्टर बोलावतात. तेव्हा मी खरी घाबरले. चेकचं काय व्हायचं ते होवो, ह्या बाईला काही झालं तर मी नणंदेला काय तोंड दाखवू, असं मनात आलं. मागच्या गॅलीतल्या मुलीला मी आधीच विमानातल्या फोनवर सांगून ठेवलं होतं की उजव्या दारातून नजर ठेव. तिला परत फोन करणार, तेवढ्यात तिचाच आला.

"नीता, पटकन ये. खाली काहीतरी लाल दिसतंय."

मी सासूबाईंना हाताला धरून उठवलं. त्यांनी डबा घेतला, पदर सारखा केला. पडदा ओलांडणार तर समोर मिसेस डिमेलो.

"थ्री-एला कुठे नेतेयस?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "चंद्र दाखवायला, मॅडम. ह्या माझ्या सासूबाई आहेत. चेक बंद करायचा तर करा, पण आधी मला जाऊ द्या."

मिसेस डिमेलोंनी एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे बघितलं. मग पडदा धरून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "चल गो, खडूस बाय पन येते."

मला वाटलं विमान खड्ड्यात पडलं. पुढे चालता चालता त्या स्वतःशीच बोलावं तसं सांगत होत्या. गोराईच्या त्या, ख्रिस्ती कोळीवाड्याच्या. घरात मराठीच. शेजारची म्हातारी संकष्टी करायची आणि चंद्र दिसला की पोरांना मोदक द्यायची, म्हणून ही सगळी पोरं दर महिन्याला खाडीवर चंद्र शोधायला धावायची. म्हणजे मी आतापर्यंत कानात कुजबुजलेलं अक्षर न् अक्षर बाईंना समजलेलं होतं!

जम्बो लांब असतं हे मला माहीत होतं, पण सासूला घेऊन चालताना ते फारच लांब वाटलं. शेवटच्या दाराची खिडकी छोटी आणि खाली असते. सासूबाई वाकल्या. ढगांच्या कडेवर लालसर चंद्र बसला होता, एका बाजूने जरासा कुरतडलेल्या भाकरीसारखा.

"इलो बाबा," त्या म्हणाल्या आणि हात जोडले.

चंद्राला पाणी सोडायचं होतं. मी गॅलीतलं सिंक दाखवलं. विमानातल्या सिंकचं पाणी नळीने थेट बाहेर हवेत जातं, हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या. मुलुंडला ते मोरीत जायचं.

इतक्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, "दिसला का हो?" बोरिवलीच्या एक बाई, ट्रे नॅपकिनने झाकून ठेवलेला. त्यांच्या मागे अजून दोघी. मिसेस डिमेलोंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीला पुढे सोडलं. टॉयलेटला आलेला एक उंच गोरा माणूस रांग दिसली म्हणून उभा राहिला, नंबर आल्यावर वाकला, चंद्र बघितला आणि "थँक्यू" म्हणून परत गेला.

सासूबाईंनी डबा उघडला, नैवेद्य दाखवला आणि पहिला मोदक माझ्यापुढे धरला.

"आई, आधी तुम्ही. गोळी घ्यायचीय."

"तू कधी जेवलंस?"

क्रू सगळ्यात शेवटी जेवतो, उभ्याने, उरलं तर.

"सांजेपासून बघतंय. एकदा पण बसलंस नाय तू," त्या म्हणाल्या. आवाज रागावलेला होता, पण माझ्यावर नाही. "म्हणान घरी येऊन झोपतंस होय." मग त्यांनी मोदक माझ्या तोंडात कोंबला. मला हुंदका आला आणि मोदक आडवा गेला. मिसेस डिमेलोंनी पाठीत दोन गुद्दे घातले.

नंतर त्या परत इंग्रजीत गेल्या. "पॅसेंजर फर्स्ट क्लासची आहे. जेवण इथे उभ्याने नाही. टेबल लाव."

मी थ्री-एला पांढरा टेबलक्लॉथ घातला. सोन्याच्या काठाच्या बशीत मोदक चिमट्याने वाढले, वरून सासूबाईंच्याच बाटलीतलं तूप, डाव्या बाजूने नॅपकिन. मेहता शेठ उठून बसले. "ये मेनू में तो नहीं था! मेरे को क्यूं नहीं दिया?" सासूबाईंनी डबा त्यांच्यापुढे केला. मग पुढच्या गोऱ्या साहेबानेही मान वळवली. लंडन येईपर्यंत डबा रिकामा होता आणि गोळी पोटात.

उतरताना मिसेस डिमेलो म्हणाल्या, "पास. रेड वाइन अजून थोडी गारच देतेस." शेठ पायऱ्यांवर सासूबाईंना सांगत होते, "मांजी, आपकी बहू को इस मिस के पास ट्रेनिंग के लिए भेजो." सासूबाई म्हणाल्या, "बघते."

मी त्यातून एकच गोष्ट शिकले. ड्यूटी रोस्टर हातात आला की आधी कॅलेंडर काढून संकष्टी बघायची. त्या दिवशी सरळ रजा टाकायची.

बाळंतपण उरकून सासूबाई परत आल्या तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बायका फर्स्ट क्लासची हकिगत ऐकायला जमल्या. मी आत चहा करत होते. कोणीतरी विचारलं, जेवण कसं होतं?

"जेवण काय, डबा मी नेलेलो. पण वाढणारी बाय चांगली होती."

"कोण हो?"

"होती एक मिस," सासूबाई म्हणाल्या. "मुलुंडचीच."