‘ठेवीन’ म्हटलेली गाडी

मालन लग्न होऊन खारेगावात आली तेव्हा तिला नवऱ्याच्या आधी दीर मिळाला. नवरा, धाकू म्हात्रे, हळद फिटायच्या आत मिठागरावर निघून गेला होता. मीठ पिकायला लागलं की ते कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही. घरात सासू नव्हती. होता तो चार वर्षांचा गणू, धाकूचा धाकटा भाऊ. नाक गळतंय, कमरेला करगोटा आणि अंगावर दुसरं काही नाही. तो आला, सरळ तिच्या मांडीत बसला आणि म्हणाला, "वयनी, भूक लागली." तेव्हापासून ती मांडी त्याची झाली. पुढे मालनला स्वतःचं मूल झालं नाही, पण कुणी तसं टोचून बोललं की ती गणूकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "यो कोन हाय मंग?"

गणू मोठा झाला, पण मिठात उतरला नाही. लढाईच्या दिवसांत कल्याणजवळ लष्कराचा अवाढव्य कॅम्प पडला होता. तिथल्या वर्कशॉपात तो मिसरूड फुटायच्या आधीच चिकटला. डावखुरा होता, पण पाना हातात आला की डावं-उजवं कुणी बघत नसे. लढाई संपली, साहेब लोक गेले, कॅम्पात सिंधमधून आलेली माणसं राहायला आली आणि वर्कशॉपातलं भंगार बाहेर पडलं. त्यात कुणा कप्तानाची गाडी होती. शर्यतीची म्हणे. दोन माणसं कशीबशी मावतील एवढी, तारांची चाकं, लांबलचक नाक, वर टप नाही. गणूनं ती विठ्ठलवाडीहून बैलगाडीच्या मागे बांधून आणली तेव्हा अख्खं गाव हसलं. हसायला गावाला पैसे थोडेच पडतात!

पत्र्याच्या पडवीत ती गाडी उभी राहिली आणि गणूचे सगळे रविवार तिनं गिळले. हिरव्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा होता, तो वाळवीनं पोखरलेला. गणूनं तो सुताराकडून सागात नवा करून घेतला. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवून घासला, पत्र्यावर काचकागद फिरवून जुना रंग उतरवला. मालन भाकऱ्या थापायची आणि मधूनच त्याला चिंध्या, रॉकेल, चहा नेऊन द्यायची. धाकूला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो पडवीच्या खांबाला टेकून बिडी ओढत भावाकडे बघत बसायचा, आणि विचारायचा, "आथा चालू होईल का रं?" गणू म्हणायचा, "झाली दादा, आथा होईल." इंजिन काही चालू झालं नाही. एकदाही नाही.

एकावन्न साली पावसाळ्यानंतर गाडीच्या गंजक्या पत्र्यानं गणूचा तळहात कापला. त्यानं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. धनुर्वात झाला. जबडा मिटला, पाठ कमानीसारखी वाकली, आणि ठाण्याच्या डॉक्टरनं हात टेकले. जाताना गणूला बोलता येत नव्हतं. तो फक्त मालनकडे बघत होता. त्याचं काहीतरी सांगायचं राहिलं, एवढं तिला कळलं.

दहाव्याला सगळे खाडीकाठी जमले. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. काठच्या तिवराच्या झाडांवर कावळे ढिगानं बसले होते, पण एक हलेल तर शपथ. मग आपल्याकडे होतं तसं झालं: मेलेल्याची इच्छा काय राहिली, याचा शोध सुरू झाला. कुणी म्हणालं, त्याच्या नावानं अन्नदान करू. धाकू म्हणाला, तुझ्या वयनीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले. शेवटी धाकूचा बांध फुटला आणि तो पाण्याकडे तोंड करून ओरडला, "गणू, तुजी गाडी मी चालू ठेवीन!"

एक कावळा उठला आणि सरळ पिंडावर उतरला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मालनही रडता रडता हसली. फक्त शेजारची म्हातारी रखमाबाई चमकून धाकूकडे बघत राहिली.

धाकूनं पहिल्यांदा पाना उचलला तेव्हा मालनला बरंच वाटलं. दुःखाला काहीतरी काम लागतं. गणूचा वर्कशॉपातला जोडीदार गोविंदा एका रविवारी मदतीला आला. दुपारी तो पडवीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मी सांगायच्या आधी त्यांचा हात तिथं जातो," तो मालनला म्हणाला. "कुणी शिकवलं त्यांना?" कुणीच शिकवलं नव्हतं. गोविंदा जेवायलासुद्धा थांबला नाही, आणि पुन्हा खारेगावात फिरकला नाही.

मग मालन बघायला लागली. धाकू पाना डाव्या हातात धरत होता. मिठागरावर तो जाईनासा झाला. मिठात जन्म गेलेल्या माणसाचे पाय कसे असतात ते मिठागरवाल्यांच्या बायकांना विचारावं. चिरा पडलेले, लाकडासारखे. एका रात्री धाकूचे पाय तिच्या पायांना लागले, आणि तिनं आपले पाय झटकन ओढून घेतले. ते मऊ होते. कोवळ्या पोराचे असावेत तसे. तिनं स्वतःची समजूत घातली की बसून बसून होतं असं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

पण त्या दुपारचं काय करायचं? बाहेर खाडीपर्यंत मिठाचे ढीग उन्हात पांढरे झळकत होते, गाव जेवून पडलं होतं, पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. मालन पडवीत चहा घेऊन गेली. धाकू गाडीखाली आडवा होता, फक्त पाय दिसत होते. खालून आवाज आला.

"ठेव थं, वयनी."

लग्न झालेल्या बाईला नवऱ्यानं वयनी म्हणावं! तो बाहेर आला, चहा प्यायला, तिच्याकडे बघून लाजल्यासारखा हसला. चेहरा धाकूचा होता. हसू मात्र तिनं चार वर्षांच्या पोरापासून वाढवलेलं होतं.

मालन तशीच रखमाबाईकडे गेली. म्हातारी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मी तवाच बोलनार व्हते. करीन बोलाचा व्हता गो. चालू करीन. म्हंजे येकदा केली का सुटला. यो ठेवीन बोलला. ठेवीनला शेवट हाय का?"

"भाबडेपनी बोलला वो तो."

"बोलनारा भाबडा, पन आयकनारा आयकतो ना?" रखमाबाईनं आवाज खाली आणला. "गनूला जागा गावली हाय. तो हलू हलू सगला धाकू खाईल. गाडी चालू झाली का दुसरा पिंड ठेव आनि सांग, काम झाला, आथा जा. कावला शिवला तर नवरा तुजा. नायतर कुकू लावून इधवा."

मालन घरी आली ती जीव मुठीत धरून. आता तिला नवऱ्याच्या मिनिटामिनिटाचं भय होतं. धाकू कमी कमी होत होता. आधी फक्त पडवीत, मग ओटीवर, मग ताटावर. धाकूला सुक्या मासळीतला जवळा जीव की प्राण; त्यानं ताटातला जवळा बाजूला सारला, कारण गणूला तो चालत नसे. रात्री तो तिच्या शेजारी झोपायला येईना. दाराशी घोंगडी टाकून पडायचा, आणि ती त्याला बोलवायची नाही. कुणाला बोलवायचं?

आणि एक दिवस इंजिन चालू झालं. आधी खोकल्यासारखं, मग एका सुरात. पत्रे थरथरले, कोंबड्या उधळल्या. मालन धावत पडवीत गेली. तो स्टिअरिंगमागे बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बस वयनी," तो म्हणाला. तिनं पदर खोचला आणि शेजारी बसली. सीट अरुंद, दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. तिनं समोर बघतच हाक मारली.

"गणू."

"काय?"

त्यानं ओ दिली. किती सहज! तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं.

"तुज्या दादाला सोड रं. माजा नवरा हाय तो."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीत घेतले. मग तो हळूच म्हणाला, "वयनी, मंग मी जाव कुटं?"

दुसऱ्या दिवशी माथ्यावर ऊन असताना मालन एकटी खाडीकाठी गेली. बाईनं पिंड ठेवायचा नसतो हे तिला ठाऊक होतं. पण ज्यांनी ठेवायचा असतो त्यांच्यातला एक मेला होता आणि दुसरा मरत होता. तिनं भाताचा गोळा पानावर ठेवला. रखमाबाईनं शिकवलेले शब्द ती वाटभर घोकत आली होती: गाडी चालू झाली, काम झालं, आता जा. भरती नव्हती. चिखलातून बुडबुडे फुटत होते, दुसरा आवाज नव्हता. एकच कावळा आला. पिंडापासून हातभर लांब बसला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला.

"गणू," ती म्हणाली, "गाडी चालू झाली."

कावळा हलला नाही.

"काम झालं."

आता एवढं ‘जा’ म्हणायचं राहिलं होतं. एक अक्षर. तिनं तोंड उघडलं आणि तिला तो करगोटा घातलेला, नाक गळणारा पोरगा दिसला. त्याला तिनं आजवर कशावरून हाकललं नव्हतं. चुलीजवळून नाही, मांडीवरून नाही. मरताना तो तिच्याकडेच बघत होता. ‘जा’ हा शब्द तिच्या तोंडून निघेना. काही केल्या निघेना.

"दादाला सोड," ती म्हणाली. "गाडी मी चालू ठेवीन."

कावळा पिंडावर उतरला.

ती घरी आली तेव्हा धाकू ओटीवर आपले काळे हात उलटेपालटे करून बघत होता. "अगो, हे कसलं काळं? आनि मिठावर कोन गेलाय आज?" तो वैतागून म्हणाला. तिनं त्याला पोटभर जवळा वाढला. तो बोटं चाटून जेवला, आणि मालन मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. नवरा परत आला होता. आनंदानंच रडत होती ती, दुसऱ्या कशानं?

धाकू मिठागरावर जायला लागला. गाडीकडे तो ढुंकून बघेना. मालनच दुपारी पडवीत जायची. नुसतं इंजिन सुरू करायचं आणि बंद करायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण आवाज जरा बिघडलेला वाटला, म्हणून तिनं झाकण उचललं. मग रोजच उचलायला लागली. तिचा हात पुढे व्हायचा आणि तिला न विचारता काम करायचा.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास धाकू एकदा दुपारीच घरी आला. घरात चूल थंड होती. तो हाक मारत पडवीशी आला. मालन इंजिनावर ओणवी होती, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली. मान न वळवता तिनं हात मागे केला.

"दादा, तो बारका पाना दे."

शब्द तिनंही ऐकला. नवऱ्याला उद्देशून, तिच्याच तोंडून. तिला वाटलं होतं, हा क्षण आला तर आपण किंचाळू. पण भीती वाटली नाही. आत कुणीतरी पोटभर जेवून, हातपाय आखडून झोपलं होतं. पोटुशा बायकांना असंच वाटत असेल का, एवढाच विचार तिच्या मनात आला.

धाकू दारात खिळला होता. मग तो पुढे आला, खोक्यात हात घातला, चुकीचाच पाना काढला आणि तिच्या हातात दिला.

"घे रं," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.